शंभर तास थांबा

गेली अकरा वर्षं माझ्या नोकरीतला निम्मा वेळ कोणीही ऐकत नसलेला आवाज वाजवत ठेवण्यात गेला आहे. हे वाक्य मी इथल्या मराठी मंडळाच्या एका बैठकीत सहज बोलून गेलो आणि अंकाच्या संपादिकाबाईंनी तिथल्या तिथे माझ्याकडून लेख कबूल करून घेतला. त्यांना वाटलं, गमतीचा होईल. थोडा होईलही. बाकीचा गमतीचा होणार नाही, नको वाटला तर छापू नका, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

मी हैदराबादेत महागड्या हेडफोनच्या दुकानात कामाला आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक अजून माझ्याशी नीट वागतात. आजोबा मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून इथे आले, वडील सरकारी खात्यात चिकटले, आणि मी अंबरपेठेत टेपरेकॉर्डर दुरुस्त करत मोठा झालो. टेपरेकॉर्डर संपले तेव्हा अॅम्प्लिफायर, ते कमी झाले तेव्हा हेडफोन. हाताला सोल्डरिंगचा डाग द्यायची सवय होती आणि डोक्याला मोजायची. दुसरी सवय मालकांना जास्त उपयोगी वाटली असावी, कारण दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी मला एक टेबल, एक मोजणीचं यंत्र आणि दाराला आतून कडी दिली.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगतो. महागडा हेडफोन नवा असताना त्याचा आवाज कोंडलेला, कडक असतो आणि बरेच तास वाजवल्यावर तो मोकळा होतो, असं या धंद्यात मानतात. त्याला बर्न-इन म्हणतात. आमच्या दुकानात त्याला ‘पकाना’ म्हणायचे. माझी बायको मुरवणं म्हणते, लोणच्यासारखं. त्यासाठी गाणी लावत नाहीत. सगळ्या पट्ट्यांतले स्वर एकत्र असलेला एकसारखा ‘सूं’ असा आवाज असतो, लांबच्या धबधब्यासारखा; तो पाच तास लावायचा, मग विश्रांती, मग पुन्हा पाच तास. असे एकूण शंभर. टेबलावर एका वेळी सहा-सात हेडफोन कुजबुजत पडलेले असायचे.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंना हे पटलं नाही. तेलुगू बाई होत्या, नवऱ्याच्या साठीसाठी हेडफोन घेतला होता. नव्या वाद्यातून पहिला आवाज धबधब्याचा काय म्हणून, असं त्यांनी मला विचारलं, आणि घरून एक पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात एकच स्तोत्र होतं. मी ते शंभर तास लावलं. त्या आठवड्यात मागच्या खोलीत येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढायचा.

दुसरा किस्सा निखिलचा. निखिल पुण्याचा, गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये, मला ‘काका’ म्हणायचा. त्याने घेतलेला हेडफोन त्याला पहिल्याच दिवशी ‘पत्र्यासारखा’ वाटला. दोन पानांची ईमेल लिहून त्याने दोष कळवले, वर ‘काका, रागावू नका’. मी म्हटलं, आणून दे, मी शंभर तास चालवून देतो. त्याने आणून दिला. पाच दिवसांनी तो घ्यायला आला, तिथेच कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, “काका, हे वेगळंच यंत्र आहे. खर्ज बघा कसा उतरलाय.” त्याचा हेडफोन मी तारेला जोडायलाच विसरलो होतो. पाच दिवस तो खोक्यात पडून होता. ते मला त्याच्या डोळे मिटण्याच्या क्षणी आठवलं आणि मी तोंड बंद ठेवलं. त्याचा आनंद खरा होता. तो मी कशाला मोडू, असं स्वतःला सांगितलं.

पण गोष्ट डोक्यातून जाईना. मी बारा नवे हेडफोन घेतले आणि प्रत्येकाची मोजणी दोनदा केली, एकदा खोक्यातून काढल्यावर आणि एकदा शंभर तासांनी. मोजणीसाठी रबराचा कान असतो, त्याच्या आत माइक. प्रत्येक पट्टीत डाव्या-उजव्या बाजूचा आवाज किती, त्याची रेघ कागदावर निघते. बाराही जोडांच्या आधीच्या आणि नंतरच्या रेघा मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिल्या. एकच रेघ दिसत होती. कानावरची गादी वापराने मऊ होते, नीट बसते, तेवढ्याने खर्जात थोडा फरक पडतो. तो वापरताना आपोआप पडतो, त्याला धबधबा लागत नाही. बाकी मुरत असेल तर माणूस मुरतो. नव्या आवाजाची कानाला सवय होते आणि आपण म्हणतो, हेडफोन खुलला.

हे कागद मी मालकांपुढे ठेवले. मालक प्रसादगारू (गारू म्हणजे तेलुगूतला ‘जी’) मूळचे गुंटूरकडचे, शांत माणूस. त्यांनी कागद नीट पाहिले, परत माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, “शिंदेगारू, मीटर आपका है, कान कस्टमर का है.” मग त्यांनी सरळ हिशेब सांगितला. माल परत घ्यायची मुदत दहा दिवस. रोज पाच तास धरले तर शंभर तासांना वीस दिवस. जो वीस दिवस थांबतो तो परत आणत नाही, कारण तोवर त्याला आवडायला लागलेलं असतं. यात कोणाचं नुकसान आहे ते दाखवा, मी बंद करतो, असंही ते म्हणाले. मला दाखवता आलं नाही. त्याच आठवड्यात खोक्यात घालायचं छोटं कार्ड छापायचं ठरलं: पहिले शंभर तास या हेडफोनबद्दल मत बनवू नका, रोज पाच तास वाजवा, धीर धरा. मजकूर मी लिहिला. तीन भाषांत, शुद्धलेखन तपासून.

बारा कागद मी खणात ठेवून दिले. तेव्हापासून महागड्या जोडाची विक्रीच्या दिवशी मोजणी करून एक कागद ठेवायचा, हा माझा नियम झाला. विकलेला माल चांगला होता याचा पुरावा आपल्याकडे असावा, एवढाच विचार.

आता रशीदभाईंबद्दल.

रशीदभाई मलकपेठेत हार्मोनियम दुरुस्त करतात. वय साठीच्या आत-बाहेर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालतं. हार्मोनियमच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना ते ‘सुर’ म्हणतात. पट्टी टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दोन पट्ट्या जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर एकत्र वाजवताना आवाज डोलतो. डोलणं हळू होत होत थांबलं की सुर मिळाला. हे सगळं ते नुसत्या कानाने करतात. त्यांच्याकडे यंत्र नाही, आणि मी माझं यंत्र किती बारीक मोजतं ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मला चहा दिला.

त्यांची मुलगी परदेशात औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिने अब्बांसाठी चांगला हेडफोन घ्यायचं ठरवलं आणि फोनवर प्रसादगारूंशी बोलून दुकानातला वरच्या रांगेतला जोड पक्का केला. रशीदभाई तो घ्यायला शनिवारी आले. आधी डेमोचा जोड त्यांच्या कानाला लावला. एक जुनी कव्वाली लावली होती. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, पेटी डावीकडे बसलीय, तिच्या मागे एक टाळी वाजवणारा आहे तो उजवीकडे, आणि त्या पेटीचा एक सुर उतरलेला आहे. मी तीच कव्वाली शेकडो वेळा लावली होती, उतरलेला सुर मला कधी कळला नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या शनिवारी त्यांचे दोन्ही कान ठीक होते याचा मी साक्षीदार आहे.

त्यांचा स्वतःचा जोड मी आत जाऊन मोजला. डावी-उजवी बाजू बरोबर होती. फरक अर्ध्या डेसिबेलच्याही आत, म्हणजे माणसाला कळणार नाही इतका. कागद खणात ठेवला. कार्ड खोक्यात घातलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“शिंदे साब, सीधी बाजू जरा दबी हुई है,” ते म्हणाले. सीधी म्हणजे उजवी. “और कान भारी लगता, पानी भरे सरीखा.”

मी म्हटलं, “नया है रशीदभाई. गादी कडक रहती, दबाती. चलने दो, खुलेगा. सौ घंटे दो उसको.”

“हौ, वो तो है,” ते म्हणाले. “हमारे सुरां भी ऐसेच रहते. नया सुर घिसके मिलाओ, आठ दिन में फिर उतर जाता. बैठने देना पड़ता. फिर मिलाओ, तब ठहरता.”

त्यांच्या कामात हे अगदी खरं आहे. नवी पट्टी घासली की ती काही दिवस हलते, मग स्थिरावते. घाई करणारा कारागीर त्याच दिवशी पेटी देऊन टाकतो आणि महिन्यात ती बेसूर होते. रशीदभाई पेटी ठेवून घेतात. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला आणि जी प्रत्येक वेळी खरी ठरली, तीच गोष्ट मी त्यांना माझ्या मालाबद्दल सांगत होतो. त्यांनी ती लगेच मानली. दुसऱ्या कोणी मला उलटसुलट विचारलं असतं.

आमच्या कामातला पहिला धडा असा आहे: गिऱ्हाईक म्हणालं एका बाजूचा आवाज कमी आहे, तर हेडफोन उलटा घालायला सांगायचं, डावा उजवीकडे. कमी आवाजाची बाजू बदलली, तर दोष हेडफोनचा. बदलली नाही, तर कानाचा. दहा सेकंदांचं काम, कोणालाही फोनवर सांगता येतं. मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. बहुतेकांच्या कानात मळ निघतो आणि ते हसतात. त्या दिवशी मी सांगितलं नाही. सांगायचं सुचलं नाही असंही नाही. शंभर तास हे उत्तर तोंडाशी तयार होतं, आणि एक उत्तर दिल्यावर दुसरं शोधायची गरज वाटली नाही. खणात तो जोड निर्दोष असल्याचा कागद होता. जोड निर्दोष असेल तर दबलेली बाजू कुठून आली, हा प्रश्न माझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला पडायलाच हवा होता.

नवव्या दिवशी ते स्वतः दुकानात आले. तक्रार करायला नव्हे. मुदत संपायला एक दिवस होता आणि मुलीने त्यांना फोनवर सांगितलं होतं, अब्बा, बरोबर नसेल तर परत करा. ते मला विचारायला आले की पंचेचाळीस तास झालेत, सीधी बाजू तशीच आहे, एक बारीक शिटीही येते, तर थांबू ना? शिटीबद्दल मी विचार केला आणि म्हटलं, सोबत दिलेल्या अॅम्प्लिफायरची असेल. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर रोजचे पाच तास पेन्सिलीने आडव्या रेघांनी मांडलेले होते, पाच-पाचचे गठ्ठे.

त्याच वेळी काउंटरवर एक तरुण गिऱ्हाईक दोन दिवसांत हेडफोन परत करायला आला होता आणि प्रसादगारूंशी हुज्जत घालत होता. मी रशीदभाईंचा कागद घेतला आणि त्याच्यापुढे धरला. “हे बघा,” मी म्हटलं, “ऐकणारा माणूस असा असतो. शिका काहीतरी.” तो मुलगा ओशाळला. रशीदभाईही ओशाळले, पण खूश झाले. मी म्हटलं, लाओ, देखता हूँ, तर त्यांनी पिशवी छातीशी धरली. “नक्को साब, बीच में खोलो नक्को. गिनती चालू है.” मी हसलो. त्यांनी नको म्हटलं म्हणून मी पाहिलं नाही, असं पुढे काही दिवस मी स्वतःला सांगत होतो. आग्रह केला असता तर त्यांनी दिला असता.

एकविसाव्या दिवशी, दुपारी, ते पुन्हा आले. शंभर तास आदल्या दिवशी पूर्ण झाले होते. “नहीं खुला,” एवढंच म्हणाले.

मी जोड आत नेऊन रबराच्या कानाला लावला. रेघ निघाली. खणातला कागद काढून काचेवर एकावर एक धरले. एकच रेघ. मी बाहेर आलो आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर उलटा घातला.

“अब?”

ते ऐकत राहिले. “वही,” ते म्हणाले. “सीधे कान मेंच कम है.”

मग त्यांनी स्वतः तो काढला आणि सुलटा घातला. पुन्हा काढला, उलटा घातला. शेवटी त्यांनी तो काउंटरवर ठेवला, डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली, उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली. पुन्हा उजव्या कानाजवळ वाजवली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. काम करताना ते डावा कान पेटीकडे झुकवून बसतात. त्यामुळे तीन आठवडे घरात त्यांना कळलं नव्हतं. कान जड वाटला की ते गादीला दोष देत होते, शिटी आली की अॅम्प्लिफायरला. दोन्ही उत्तरं माझी होती.

मीच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासण्या करून घेतल्या आणि साध्या हिंदीत सांगितलं. कधी कधी एका कानाची नस अचानक, काही कारण न देता, काम करेनाशी होते. त्यावर औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हावं लागतं. पहिल्या काही दिवसांत आलात तर आशा असते, दिवस जातील तशी ती कमी होते. खात्री तेव्हाही देता आली नसती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. औषध आताही देऊ, पण फार अपेक्षा ठेवू नका. मग त्यांनी विचारलं, कधीपासून त्रास आहे?

रशीदभाईंनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. “चौथे दिन से. ये देखो, यहाँ से.”

“इतने दिन आए क्यों नहीं?” बाई म्हणाल्या.

“मैं समझा नया माल है,” ते म्हणाले. “खुलने कू वक्त लगता.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

औषधाने फरक पडला नाही. उजव्या कानाला थोडं खालचं ऐकू येतं, वरचं जवळजवळ नाही. नुसतं एवढंच असतं तर डाव्या कानावर त्यांचं काम चाललं असतं. पण शिटी राहिली. ती दिवसभर असते, एकाच स्वरात. तो स्वर कोणता ते त्यांनी मला पेटीवर दाखवायचा प्रयत्न केला: काळी दोनवर बोट ठेवलं, मान हलवली, शेजारच्या पांढरीवर ठेवलं, मान हलवली. दोहोंच्या मधला आहे. पेटीत तो नाही. दोन पट्ट्या मिळवताना जे बारीक डोलणं ऐकायचं, त्यावर ही शिटी येऊन पडते आणि डोलणं थांबलं की झाकलं गेलं हे त्यांना कळत नाही.

मी दुकानात गेलो आणि उरलेली कार्डं एका गठ्ठ्यात बांधून प्रसादगारूंच्या टेबलावर ठेवली. नुकसान दाखवा म्हणाला होतात, असं काही मी बोललो नाही, पण त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि पुन्हा तो वर आला नाही. आता एका बाजूची तक्रार घेऊन कोणी आलं की मी बाकी काही बोलायच्या आधी हेडफोन उलटा घालायला लावतो. फोन आला तरी फोनवर.

हे सगळं मी घरी सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कार्डं काढलीत ते बरं केलंत. पण अहो, त्यांना सांगितलंत का?”

“काय सांगू? झालेलं त्यांना माहीतच आहे.”

“तुमची चूक झाली एवढंच त्यांना माहीत आहे. तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, ते नाही.”

तिने दाखवलेला फरक बरोबर होता. रशीदभाईंच्या लेखी आम्ही दोघं एकाच समजुतीने फसलेले होतो. दोन कारागीर, दोघांचाही नव्या मालाला वेळ द्यावा यावर विश्वास. बारा कागद त्यांनी पाहिले नव्हते. दोन महिने मी मलकपेठेला गेलो नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी गेलो.

पुढच्या खोलीत ते जमिनीवर बसले होते, समोर उघडी पेटी. भिंतीशी आणखी चार-पाच पेट्या होत्या, प्रत्येकीच्या मुठीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. दाराजवळ एक स्टूल होतं, त्यावर मी बसलो. बाहेर रस्त्यावर ऑटो आणि हातगाड्यांची गर्दी होती. त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. मी सुरुवात करणार तेवढ्यात बेगम बाजारातला एक सुकामेव्याचा व्यापारी आला. त्याच्या भजनी मंडळाची पेटी तीन आठवडे इथे पडून होती.

रशीदभाईंनी भिंतीजवळची पेटी पुढे ओढली आणि त्याच्यापुढे ठेवली. “ले जाओ सेठ. नहीं हुई मेरे से. भाते का चमड़ा बदल दिया, वो ले लो. सुर किसी और से मिला लेना.”

सेठ म्हणाला, “अरे रशीदभाई, तुम जैसा मिला दो वैसा चलेगा. हमारे भजन में कौन कान लगाके बैठता? दो ढोलक, दस झांज. किस कू मालूम पड़ता?”

“मेरे कू पड़ता ना,” रशीदभाई म्हणाले.

सेठने आणखी थोडा आग्रह केला, मग पेटी उचलून गेला. रशीदभाईंनी पुन्हा समोरची पेटी घेतली. कानस हातात होती, पण ती चालत नव्हती. एक पट्टी ते बोटाने नुसती चाचपत होते.

मी बोलायला लागलो. पाठ करून गेलो होतो. बारा जोड घेतले होते, प्रत्येकाची दोनदा मोजणी केली, रेघा कशा काचेवर धरल्या, किती फरक आढळला, मालकांना कधी दाखवलं, ते काय म्हणाले, कार्डाचा मजकूर कोणी लिहिला, त्यांच्या जोडाचा कागद कुठल्या खणात होता. काही सोडलं नाही. आवाज खाली ठेवला होता, आत भाभी होत्या म्हणून. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. शेवटी माफी मागितली आणि थांबलो.

ते पट्टी चाचपत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली आणि मला बघून म्हणाले, “कुछ बोले क्या, शिंदे साब? इस बाजू का मेरे कू समझता नहीं. इधर आ जाओ.”

मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो.

उठलो. मध्ये उघडी पेटी होती, सुट्या पट्ट्या कापडावर ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेने वळसा घालून गेलो आणि त्यांच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसलो. त्यांनी डोकं माझ्याकडे कलतं केलं. दुसऱ्यांदा सांगताना बारा जोड, रेघा, मालक, काहीच आलं नाही.

“हेडफोन पहले दिन से अच्छा था, रशीदभाई. सौ घंटे में कुछ नहीं होता. मेरे कू मालूम था.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“मालूम था?”

“हौ.”

त्यांनी कानस खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या पेटीकडेच बघत होते.

“तो फिर मैं काय कू गिनते बैठा था, साब?”

ते उत्तरासाठी थांबले होते. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला होतो, हातभर अंतरावर. काही बोललो असतो तर त्यांना नीट ऐकू आलं असतं.